डावा रकाना

संकेतस्थळाच्या डाव्या कडेला दिसणारी दुव्यांची यादी मुळात नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जगापुढे ठेवलेले पान आजही पाहता येते. त्यात रकाना नाही की पट्टी नाही. मजकुरातलाच एखादा शब्द दुवा असे. लेखक नेईल तिकडे वाचकाने जायचे.

पाने वाढली तसे हे पुरेना. १९९६ मध्ये नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने ‘फ्रेम’ आणली : डावीकडच्या चौकटीत स्थिर अनुक्रमणिका, उजवीकडच्या चौकटीत बदलता मजकूर. सोय खरीच, पण माझ्यासारख्या तळटिपा जमवणाऱ्याला तिचा ताप झाला. आतले पान कितीही बदलले तरी वर पत्ता मुखपृष्ठाचाच. उतारा सापडे, पण संदर्भ द्यायचा कशाचा? एका संस्थेच्या स्थळावरील कागदपत्रासाठी मी वहीत ‘डावीकडे, वरून सातवा दुवा’ अशी नोंद करून ठेवली होती. पुढच्या खेपेला यादीत दोन नावे वाढलेली! शोधयंत्रावरून आले की उलटाच प्रकार. आतले पान सुटे उघडे, अनुक्रमणिका गायब, आणि आपण कुठे आलो याचा पत्ता नाही. जुन्या पोथ्यांचे लेखक या बाबतीत शहाणे. पत्रे सुटीच राहणार हे ठाऊक असल्याने ते प्रत्येक पत्राच्या समासात ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पत्रांक घालत.

विकिपीडियाने हीच रीत उचलली, असे मी मानतो. तिथे प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता आहे आणि प्रत्येक पानाबरोबर तोच रकाना येतो. त्याचा मजकूर एकाच पानावर ठेवलेला असतो. तिथे बदल केला की सगळीकडे होतो. म्हणून त्याची किल्ली प्रचालकांकडे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने अशा जागांना नावेही आपली दिली. इंग्रजीत गप्पांची जागा म्हणजे गावचा पाण्याचा पंप. मराठीत तिची ‘चावडी’ झाली. सरावासाठीच्या वाळूच्या पेटीची ‘धूळपाटी’ झाली. भाषांतर याला म्हणावे.

याच रकान्यात खाली इतर भाषांची यादी असे. २०१३ पर्यंत हे दुवे प्रत्येक लेखाच्या मजकुरात हाताने किंवा सांगकाम्यांकरवी घालावे लागत. मग ते काम विकिडेटाकडे गेले. पंढरपूरवरचा इंग्रजी लेख वाचणाऱ्याला कडेला ‘मराठी’ हा शब्द, न शोधता, देवनागरीत दिसे. जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने रूप पालटले. रकाना मिटवता येऊ लागला आणि भाषांची यादी लेखाच्या शीर्षकाशेजारी एका बटणामागे गेली. आता तिथे भाषांची संख्या दिसते, नावे दिसत नाहीत. पान मोकळे झाले, हे मान्य. पण ज्याला मराठीत असा लेख असेल ही कल्पनाच नाही, तो ते बटण कशाला दाबेल?

खाते असलेल्यांना जुने रूप निवडता येते. मी तेच ठेवले आहे.