घोड्याची जखम आणि धनुर्वात

भाल्याच्या वाराने मांडी फाटलेला घोडा कित्येकदा बरा होऊन पुन्हा पागेत उभा राही. आणि नाल ठोकताना खिळा चुकीच्या जागी गेला, तर धडधाकट घोडा पंधरवड्यात मरे. मोठी जखम उघडी असते, तिला हवा लागते, रक्त वाहून घाण निघून जाते. खुरातले खोल, अरुंद भोक मात्र वरून लगेच मिटते. धनुर्वाताच्या जंतूला नेमकी अशीच हवा नसलेली जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, म्हणजे तबेल्यात त्यांची कमतरता कधीच नसते. त्यातून पाळीव जनावरांत या जंतूच्या विषाला सर्वांत लवकर बळी पडतो तो घोडाच. कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्यावर आतला पडदा सरकतो, चारही पाय लाकडासारखे ताठतात आणि जबडा मिटतो.

भारतात अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानलेल्या शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथांनी घोड्याच्या व्रणांचा स्वतंत्र विचार केला. जखम धुणे, लेप लावणे, वाढलेले मांस मोरचुदासारख्या दाहक द्रव्याने जाळणे, तापल्या लोखंडाने डाग देणे हे उपाय सालोत्री (घोड्यांचे वैद्य) आणि नालबंद पिढ्यान्‌पिढ्या करत आले. युरोपात टर्पेंटाइन आणि पाइनचे डांबर वापरत. हे सगळे अडाणीपणाचे होते असे नाही. डांबरात जंतुनाशक गुण आहेतच. पण खुरातले भोक आत साफ न करता डांबराने बुजवले, तर जंतूला हवी तशी कोंडलेली जागाच तयार होई. डागण्याने घोड्याला वेदना मात्र नक्की होत.

1762 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले. 1867 मध्ये शल्यविशारद लिस्टरने जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरण्याची पद्धत मांडली आणि ती पुढे पशुवैद्यांनीही उचलली. तिने पू होणे कमी झाले, पण खोल भोकात ती पोचत नव्हती. धनुर्वाताचा खरा उलगडा मातीतून झाला. 1884 मध्ये निकोलायरने बागेतली माती प्राण्यांना टोचून धनुर्वात घडवला, 1889 मध्ये कितासातोने हा जंतू वेगळा वाढवला आणि पुढच्याच वर्षी त्याने व बेहरिंगने विषावर उतारा ठरणारा रक्तरस दाखवून दिला. हा रक्तरस मोठ्या प्रमाणात मिळवायला घोडाच सोयीचा ठरला. फ्रान्समध्ये आल्फोर येथील पशुवैद्य नोकार यांनी 1890 च्या दशकात तो जखमी व शस्त्रक्रिया झालेल्या जनावरांना आधीच टोचून रोग टाळता येतो हे सिद्ध केले. एकदा लक्षणे दिसू लागली, की त्याचा उपयोग फारच थोडा होई.

पहिल्या महायुद्धात हाच रक्तरस सैनिकांच्या कामी आला. कारण लिदीचे खत शतकानुशतके मुरलेल्या शेतांत खंदक खणले होते. त्याच युद्धात ब्रिटिशांच्या पशुरुग्णालयांत घोडे व खेचरे 25 लाखांहून अधिक वेळा दाखल झाली आणि त्यांतली सुमारे 80 टक्के कामावर परतली.

पुढचे पाऊलही पशुवैद्याचेच. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील गास्ताँ रामाँ यांनी 1920 च्या दशकात फॉर्मालिनने विष निरुपद्रवी करून टॉक्सॉइड ही लस बनवली आणि ती घोड्यांवर वापरली गेली. टोचलेल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात उतारा अधिक तयार होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी लसीत मुद्दाम टॅपिओका मिसळून पाहिला. लसीचा परिणाम वाढवणाऱ्या द्रव्यांचा शोध असा एका नकोशा गळवातून पुढे सरकला.

मुंबईत परळला 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि परळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये घोड्यांपासून रक्तरस तयार होऊ लागले. पुण्याच्या पूनावाला अश्वपैदास केंद्रातले निवृत्त घोडे तिथे दिले जात. त्या घोड्यांपासून आपणच औषध का करू नये, या पूनावालांच्या विचारातून 1966 मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांत धनुर्वाताचा रक्तरस होता.

आज खुरात खिळा गेलेल्या घोड्याचे भोक मोठे करून पू वाहता करतात, आत औषध भरून पट्टी बांधतात आणि लस झाली नसेल तर रक्तरस व टॉक्सॉइड दोन्ही देतात. लागण झाल्यावर मात्र उपचार करूनही बहुतेक घोडे दगावतात.