पंखा आणि विसावा : संगणकाच्या तापाचा इतिहास

वाफेच्या यंत्राचा इतिहास लिहिणारा कोळशाचा हिशेब सांगितल्यावाचून पुढे जात नाही. संगणकाचा इतिहास सांगताना मात्र आपण वेगाचे आणि स्मरणशक्तीचे आकडे सांगून मोकळे होतो. पेटीच्या आत अहोरात्र गरगरणाऱ्या पंख्याची दखल कोणी घेत नाही. वस्तुतः या यंत्राला आपण जेवढी वीज देतो, तेवढी जवळजवळ सारीच अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. विहिरीवरच्या पंपाला दिलेल्या विजेतला काही भाग पाणी वर चढवितो आणि ते पाणी टाकीत उंचावर राहते. संगणकाने केलेल्या बेरजेत अशी वीज साठून राहत नाही. हिशेब कागदावर उमटतो आणि खर्ची पडलेली वीज हवेत जाते.

तेव्हा संगणक बांधणाऱ्यांपुढे प्रथमपासून दोन प्रश्न होते. निर्माण झालेली उष्णता बाहेर कशी न्यावयाची, हा एक. आणि ती मुळातच कमी निर्माण कशी व्हावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पंखा आणि दुसऱ्याचे विसावा. ही दोन्ही उत्तरे पहिल्या दिवसापासून माणसाला ठाऊक होती. तरीही घरगुती संगणकाच्या बाबतीत पहिल्याचाच बोलबाला का झाला आणि दुसऱ्याकडे आपण इतक्या उशिरा का वळलो, हे पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४६ साली एनिॲक हे गणकयंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. प्रत्येक नळीत तापलेली तार. म्हणजे हजारो दिवे एका दालनात पेटलेले. ही धग काढण्यासाठी यंत्रातून जोराने हवा खेळवावी लागे. परंतु त्याचे मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी आणखी एक गोष्ट केली. नळीला जेवढा भार सोसवेल म्हणून कारखानदार सांगत, त्याहून पुष्कळ कमी भार त्यांनी तिच्यावर टाकला. त्यायोगे नळ्या टिकल्या आणि एवढे अवाढव्य यंत्र चालू राहू शकले. पंखा आणि संयम यांची जोडी अशी पहिल्याच यंत्रात दिसते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला. त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. नळीच्या युगाचा ताप आपल्याकडच्या अभियंत्यांनीही असा प्रत्यक्ष हाताळला आहे.

पुढे ट्रान्झिस्टर आला, आणि एका चकतीवर हजारो ट्रान्झिस्टर कोरता येऊ लागले. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चकतीवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. अशा चकतीला पंखा कशाला हवा? १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, पण उष्णता पसरविणारी धातूची चकतीही नव्हती. पेटीला हवा देणारा पंखा होता, तो वीजपुरवठ्याच्या डब्यात. ताप हा प्रश्न संपला, असे वाटावे अशीच ही स्थिती होती.

तो संपला नव्हता, हे १९९३ साली पेन्टियम आला तेव्हा स्पष्ट झाले. या प्रोसेसरवर ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि भर कामात तो सुमारे १५ वॅट वीज खाई. पंधरा वॅट म्हणजे एका लहान दिव्याएवढी. पण ती नखाएवढ्या जागेत. तेव्हापासून प्रोसेसरच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांचा ठोकळा आणि त्यावर छोटा पंखा, असे दृश्य सर्रास दिसू लागले. ठोकळ्याच्या पाकळ्या उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरवितात आणि पंखा त्यांच्यावरची तापलेली हवा हटवून ताजी आणतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा थंडी निर्माण करीत नाही. माठातले पाणी भोवतालच्या हवेहून गार होते, कारण झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. कोरड्या ठोकळ्यावरचा पंखा असे करू शकत नाही; तो प्रोसेसरला फार तर खोलीच्या तपमानाजवळ आणील, खाली कधीच नेणार नाही. समजा, ठोकळा व पंखा मिळून दर वॅटमागे अर्धा अंश चढ देतात आणि प्रोसेसर ६० वॅट खातो. मग तो हवेहून ३० अंश वर राहील. महाबळेश्वरच्या २० अंशांत तो ५० वर असेल. नागपूरच्या वैशाखात, ४५ अंशांच्या खोलीत, तोच ७५ वर जाईल. पंखा तोच, ठोकळा तोच, गाव बदलले. पाकळ्यांत धूळ साचली की हा हिशेब आणखी बिघडतो. तेव्हा उष्ण हवेच्या प्रदेशात राहणाऱ्यांना दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ताप मुळात कमी करण्याचे, महत्त्व अधिकच आहे.

आता त्या दुसऱ्या वाटेकडे वळू. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये 'हॉल्ट' नावाची एक आज्ञा होती. अर्थ एवढाच : थांब, आणि कोणी हाक मारीपर्यंत काही करू नकोस. कळ दाबली गेली किंवा घड्याळाचा ठोका पडला की तो पुन्हा जागा होई. त्या काळच्या चकत्या काम असो वा नसो, वीज खातच राहत. त्यामुळे थांबण्याने फारशी बचत होत नसे. पुढे सीमॉस पद्धतीच्या चकत्या आल्या. त्यांत वीज मुख्यतः ट्रान्झिस्टरांची उघडझाप होताना खर्च होते. म्हणजे जो थांबला, त्याची वीज वाचली. १९९४ च्या सुमारास तर अशी सोय झाली की, 'हॉल्ट' मिळताच प्रोसेसर आपल्या बहुतेक भागाचे घड्याळच बंद करी.

पण ही आज्ञा द्यावयाची कोणी? डॉस ही कार्यप्रणाली वापरणारा माणूस विचार करीत बसला असताना प्रोसेसर सामान्यतः 'कळ दाबली का, कळ दाबली का' असे सेकंदाला हजारो वेळा विचारीत पूर्ण वेगाने धावत असे. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ नेही घरगुती संगणकावर बहुधा हीच चाल पुढे चालविली. लिनक्स व विंडोज एनटी या प्रणाली मात्र काम संपताच प्रोसेसरला थांबवीत. म्हणजे यंत्र तेच, काम तेच, आणि तरीही एक प्रणाली त्याला गार ठेवी व दुसरी तापवी. वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसे. त्याला दिसे तो फक्त पंखा.

ही उणीव भरून काढली ती 'रेन', 'वॉटरफॉल', 'सीपीयूआयडल' अशा छोट्या कार्यक्रमांनी. पाऊस, धबधबा ही नावे ऐकून काहीतरी शीतल फवारा उडत असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचे काम अगदी साधे होते. सर्व कामांच्या रांगेत ते शेवटी उभे राहत आणि आपली पाळी आली, म्हणजेच दुसरे काही काम उरले नाही, की प्रोसेसरला 'हॉल्ट' सांगत. माणूस पत्र लिहीत असला, तर दोन अक्षरांमधला अवधी प्रोसेसरच्या दृष्टीने युगासारखा असतो. तो सारा विश्रांतीचा होई. अर्थात प्रोसेसर खरोखर कामात गुंतला असेल तेव्हा या कार्यक्रमांचा काडीचाही उपयोग नसे. तेथे पंखाच हवा.

इकडे वेगाची स्पर्धा चालूच होती. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा विद्युद्दाबही त्या प्रमाणात उतरविला, तर तेवढ्याच जागेतला ताप वाढत नाही. हा नियम तीस वर्षे कामी आला. पण विद्युद्दाब फार खाली गेला की मिटलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते. तेव्हा तो उतरविणे थांबले आणि ताप वाढू लागला. इंटेलचेच पॅट्रिक गेल्सिंगर यांनी २००१ साली इशारा दिला की, हीच चाल राहिली तर चकतीच्या दर चौरस सेंटीमीटरचा ताप अणुभट्टीच्या बरोबरीस जाईल. २००४ सालच्या पेन्टियम ४ मध्ये सुमारे एक चौरस सेंटीमीटरच्या चकतीत १०० वॅटच्या आसपास उष्णता निघू लागली. घरातल्या इस्त्रीच्या तळापेक्षा ही दाटी कितीतरी पटींनी अधिक. त्याच वर्षी इंटेलने त्याहून वेगवान होऊ घातलेला 'तेहास' हा प्रोसेसर अर्ध्यावर सोडून दिला. वेगाची दौड थांबली, ती बुद्धी खुंटली म्हणून नव्हे. ठोकळा आणि पंखा यांची शर्थ झाली म्हणून.

मग विसाव्याचे दिवस आले. त्याची तयारी लहान संगणकांत आधीच झाली होती, कारण बॅटरीवर चालणाऱ्याला उधळपट्टी परवडत नाही. २००० साली इंटेलने 'स्पीडस्टेप' ही युक्ती आणली. २००३ साली एएमडीची 'कूल अँड क्वाएट' ही युक्ती टेबलावरच्या संगणकात आली. दोहोंचे तत्त्व एकच : काम हलके असेल तेव्हा वेगही उतरवा आणि विद्युद्दाबही. उघडझापीची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग निम्मा आणि विद्युद्दाब चार-पंचमांश केला, तर उष्णता जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. निम्मे काम सोडून दोन-तृतीयांश ताप वाचविणारा हा सौदा आहे.

पंखाही आता शहाणा झाला. २००४ पासून चार तारांचे पंखे रूढ होऊ लागले. चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० स्पंद जातात आणि त्या स्पंदांच्या रुंदीवरून पंख्याचा वेग ठरतो. प्रोसेसरचे तपमान वाचून कार्यक्रम तो वेग कमीअधिक करतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाज तर पुष्कळच उतरतो. रात्री अभ्यासिकेत बसणाऱ्याला याची किंमत सांगावयास नको.

तरीही एक गंमत उरली होती. लिनक्स प्रणाली निजलेल्या प्रोसेसरला घड्याळाच्या ठोक्याने सेकंदाला शेकडो, कधी हजार वेळा उठवून 'काही काम आहे काय?' असे पाहत असे. गड्याला घटकाघटकाला हलवून 'झोप लागली ना?' असे विचारणाऱ्या मालकासारखाच हा प्रकार. २००७ साली ही रीत बदलली. काम नसेल तर ठोकाही नाही. त्याच वर्षी 'पॉवरटॉप' हा कार्यक्रम निघाला आणि कोणता कार्यक्रम प्रोसेसरला उगाच उठवितो, हे चारचौघांत उघडे पडू लागले. अनेक लेखकांनी आपले कार्यक्रम त्यामुळे दुरुस्त केले. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरात निजलेल्या विभागाची वीजच तोडण्याची सोय आली.

या इतिहासाचे सार मला असे वाटते. पंख्याचा दोष काही नाही. भर कामात त्याच्यावाचून चालत नाही, आणि त्याच्या पाकळ्यांतली धूळ झाडण्याचा आळस कोणी करू नये. पण पंखा दिसतो, ऐकू येतो, दुकानात विकत मिळतो. आणि थांबण्याची आज्ञा दिसतही नाही व ऐकूही येत नाही. म्हणून एक साधी आज्ञा प्रोसेसरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिली आणि लक्षावधी घरांत रिकामी यंत्रे भर वेगाने धावत राहिली. त्या विजेचे पैसे वापरणाऱ्यानेच भरले. अधिक मोठा पंखा विकत घेण्याआधी हे यंत्र आता नेमके कशासाठी धावते आहे, असा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ती संगणकापुरतीच उपयोगी पडेल असे नाही.