काबूलमधील कचेऱ्यांचा शोध
डिसेंबर 2001 च्या बॉन करारानंतर अफगाणिस्तानात शासनयंत्रणा शून्यातून उभारावी लागेल, असा समज परदेशी मदतकर्त्यांत प्रचलित होता. परंतु 2002 मध्ये काबूल येथे स्थापन झालेल्या ‘अफगाणिस्तान रिसर्च अँड इव्हॅल्युएशन युनिट’ या स्वतंत्र संशोधनसंस्थेने जागतिक बँकेसह प्रांतिक कचेऱ्यांचे कामकाज तपासून 2004 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिने वेगळेच चित्र मांडले. दोन दशकांहून अधिक काळच्या युद्धानंतरही ‘तश्कील’, म्हणजे प्रत्येक कचेरीतील मंजूर पदांची रचना, टिकून होती, आणि प्रांतांत गोळा होणारा महसूल कायद्याने केंद्राचाच होता. कारकुनांच्या या चिवट परंपरेची दखल घेणे, हेच त्या अभ्यासाचे खरे मोल होय. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने ‘वुलुस्वाली’ या तालुकासदृश घटकासाठी निर्वाचित परिषदांची तरतूद केली. मात्र 2021 मध्ये प्रजासत्ताक कोसळेपर्यंत त्या निवडणुका झाल्याच नाहीत.