तळटीप : ‘फोर ऑर्गन्स’

१२. फोर ऑर्गन्स : अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश (जन्म १९३६) यांची १९७० मधील रचना, चार इलेक्ट्रिक ऑर्गन आणि मराकस, म्हणजे खुळखुळ्यांची जोडी, यांसाठी. साऱ्या रचनेत स्वरसंघ एकच. खुळखुळ्यांची लय अखंड, एकसारखी चालते. तिच्या आधाराने संघातला एकेक स्वर लांबत जातो. आरंभी ११ मात्रांचे असलेले आवर्तन अखेरीस दोनशेहून अधिक मात्रांचे होते. बदलतो तो केवळ काल. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मायकेल टिल्सन थॉमस यांनी बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीत ती सादर केली, तेव्हा काही श्रोत्यांनी आरडाओरडा केला, तर काहींनी दाद दिली. लेखकाने उल्लेखलेला ‘कार्नेगीतला गोंधळ’ तो हाच. – संपा.