वर्गात तुम्हीच नवे

३० ऑगस्ट १९६१. आक्राच्या विमानतळावर तुम्ही शिडी उतरताय. दमट वारा अंगावर येतो आणि सदरा पाठीला चिकटतो. या प्रवासापुरते तुम्ही एक अमेरिकन तरुण आहात, मन मात्र तुमचंच, मराठी. अध्यक्ष केनेडींनी मार्चमध्ये ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवक संघटना सुरू केली आणि तिच्या अगदी पहिल्या तुकड्यांपैकी एकीत तुमचं नाव लागलं. सोबत पन्नासेक जण आहेत, बरेचसे नुकतेच पदवी घेतलेले. धावपट्टीवरच सगळे एकत्र उभे राहता आणि बर्कलीच्या प्रशिक्षणात घोटून घेतलेलं घानाचं देशगीत ट्वी भाषेत म्हणता.

तुम्हाला इथं बोलावून आणलंय. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांना प्रत्येक मूल शाळेत हवंय आणि यंदाच्या शिक्षण कायद्यानं सुरुवातीचं शिक्षण सक्तीचं केलंय. कोकोच्या उत्पन्नातून माध्यमिक शाळा उभ्या राहताहेत. इमारत वर्ष-दोन वर्षांत होते, पण त्या शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवणारा पदवीधर घडायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढा काळ वर्ग रिकामा राहू नये, म्हणून तुम्ही. मुदत दोन वर्षं.

आता काही आठवडे पुढे या. कुमासीच्या पलीकडे, कोकोच्या पट्ट्यातली एक निवासी शाळा. पहाटेची घंटा विद्यार्थीच देतात. नाश्त्याआधी मुलं आवार झाडतात, हातभर लांब कोयत्यांनी गवत कापतात. कोणी ओरडत नाही, कोणी मागे लागत नाही. मॉनिटरनं नुसती नजर फिरवली की पुरे. तुम्ही वर्गात शिरता, चाळीसेक मुलं एका झटक्यात उभी राहतात. शिस्त लावायची तयारी करून आला असाल, तर ती गुंडाळून ठेवा.

फळ्यावर गणित लिहिता: गिऱ्हाइकानं ३ पौंड १२ शिलिंग ७ पेन्सचा माल घेतला आणि ५ पौंड दिले, तर परत किती? तुमचा अमेरिकन हात डॉलर-सेंटच्या दशांशावर पोसलेला. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, हे जमवेपर्यंत खडू हवेतच थांबतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहून सांगतो, “एक पौंड, सात शिलिंग, पाच पेन्स, सर.” त्याची आई बाजारात बसते, हा हिशेब तो लहानपणापासून करतोय. तुमच्या मराठी मनाला मात्र ओळख पटते. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया या हिशेबात आजोबांची अख्खी पिढी वाढली.

तो मुलगा वही पुढे करतो. तुम्ही डावा हात लांब करता आणि मन तो मागे खेचतं. उजव्यानं वही घेता. डाव्या हातानं देणं-घेणं इथं उद्धटपणाचं आहे. तुमच्या सोबत्यांना हे सांगावं लागलं, तुम्हाला ते घरातूनच मिळालंय.

मुलं विचारतात, “सर, तुमचा जन्मवार कोणता?” प्रश्न गमतीचा नाही. अकान लोकांत बाळाला जन्मवारावरून नाव मिळतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी आमा. राष्ट्राध्यक्षांचा वार त्यांच्या नावातच आहे. तुम्ही ‘बुधवार’ म्हणता आणि त्या दिवसापासून अख्ख्या आवाराचे ‘क्वाकू’ होता.

रविवारी एका पालकांच्या घरी जाता. आधी बसायला स्टूल, मग प्यायला पाणी. पाणी पिऊन झाल्याशिवाय येण्याचं कारण कोणी विचारत नाही. अंगणात दोन बायका फुफू कुटताहेत. एकीच्या हातात उंच मुसळ, दुसरी दोन घावांच्या मधल्या निमिषात उखळीत हात घालून कसावा आणि हिरव्या केळीचा गोळा उलटवते. मुसळ थांबत नाही, हातही चुकत नाही. गोळा शेंगदाण्याच्या सुपात येतो. उजव्या हातानं तोडायचा, बुडवायचा आणि न चावता गिळायचा.

परसात केळीच्या पानांखाली कोकोच्या ओल्या बिया आंबत ठेवल्यात. आंबट, उग्र वास घरभर आहे. पाच-सहा दिवसांनी त्या चटयांवर वाळतील, मग वजनकाट्यावर जातील. त्या पैशातून मुलाची फी भरली जाणार आहे. तो उरलेली फी केव्हा भरेल, हे कार्यालयात विचारण्याआधी कोकोचा हंगाम कुठवर आलाय हे बघायचं, हे तुम्हाला इथं कळतं. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि विषुववृत्त जवळ असल्यानं संधिप्रकाश रेंगाळत नाही. घरी पोहोचेपर्यंत मिट्ट काळोख.

डिसेंबरात सहारावरून हरमाटन सुटतो. ओठ फुटतात, वह्यांवर बारीक धूळ बसते, आकाश पांढुरकं होतं. मुलं पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाच्या सर्टिफिकेट परीक्षेची तयारी त्याच धुळीत करत राहतात.

दोन वर्षं संपत येतात तेव्हा तुमच्या लक्षात येतं, की ही शाळा तुमच्या आधी चालत होती आणि नंतरही चालणार आहे. तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा परीक्षा पास होऊन पुढे शिकला, तर याच फळ्यापुढे उभा राहू शकेल. तुमच्या येण्याचं सार्थक त्यात आहे. म्हणून आज कोणी परदेशातल्या शाळेत शिकवायला निघालं, तर त्यानं दोन गोष्टी नीट विचाराव्यात: मला बोलावलं कोणी, आणि मी परतल्यावर हा वर्ग घेणारा तिथला शिक्षक तयार होतोय का? दोन्हींची उत्तरं मिळाली तर बिनघोर जावं, आणि पहिले काही महिने शिकण्यात घालवावेत.