कामठ्याची गढी

इंग्लंडांतील उमरावांचीं जुनीं प्रासादतुल्य घरें पाहावयास लोक दूरदूरहून जातात. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ, ऑक्सफर्डजवळचें ब्लेनहाइम हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. हजारों एकरांचा वसूल एका घरांत येऊन पडे आणि त्या घराची शोभा पिढ्यान् पिढ्या वाढत जाई. वैनगंगेच्या खोऱ्यांतहि जमीनदारांचीं अशीं ठाणीं होतीं. परंतु त्यांचें नशीब निराळें होतें. गोंदिया तालुक्यांतील कामठा हें गांव त्याची साक्ष देतें.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत ह्या मुलखाचा मोठा भाग जंगलाखालीं होता. जंगल तोडून गांवें वसवावीं, वाटांचा बंदोबस्त राखावा आणि दरबारांत ठरलेली टाकोळी भरावी, ह्या बोलीवर जमीनदाऱ्या दिल्या जात. कामठ्याची जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती. प्रदेश सखल आणि भातास अनुकूल; म्हणून घराणें बलाढ्य झालें. अशा जमीनदाराची गढी हें नुसतें राहण्याचें घर नव्हे. तीच कचेरी, तेंच धान्याचें कोठार आणि प्रसंग पडल्यास तोच किल्ला.

तो प्रसंग 1818 सालीं आला. 1817 च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या लढाईंत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढें इंग्रजांनीं त्यांना कैद करून प्रयागकडे नेण्यास काढलें. पण मे 1818 मध्यें वाटेंतूनच ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले. त्यांच्या नांवानें ठिकठिकाणीं उठाव झाले. कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्यांत सामील झाले. कॅप्टन गॉर्डन ह्याच्या हाताखालील फौजेनें कामठें घेतलें आणि चिमणा पटेल इंग्रजांच्या हातीं लागले. त्यांची जमीनदारी काढून एका लोधी घराण्यास देण्यांत आली. एका पावसाळ्याच्या अवधींत घराचा धनी बदलला. शेतांत राबणारे हात मात्र तेच राहिले.

ह्यानंतर कांहीं काळ कामठ्यास वेगळेंच महत्त्व आलें. बाल रघूजी तिसरे ह्यांच्या वतीनें नागपूरचा कारभार रेसिडेंट जेन्किन्स पाहत होता. त्या वेळीं ह्या भागाचा गोरा अंमलदार 1820 पर्यंत कामठ्यासच राही. 1820-21 मध्यें ठाणें भंडाऱ्यास हललें आणि कामठें पुन्हां जमीनदाराचें गांव झालें.

दुसरा फेरा 1951 सालीं आला. तत्कालीन मध्यप्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानें 31 मार्च 1951 पासून जमीनदारी व मालगुजारी संपली. ज्या हक्कावर गढी उभी होती तो हक्कच गेला. इंग्लंडांत हेंच काम वारसाकरानें हळूहळू केलें. तेथें 1937 पासून नॅशनल ट्रस्टनें मोठीं घरें सांभाळण्याची योजना आंखली. अनेक मालकांनीं तिकिट लावून दारें उघडलीं. इकडच्या गढ्यांना असा आश्रय क्वचितच लाभला.

तरी ह्या मुलखाचें खरें वैभव गढींत शोधूं नये. ब्लेनहाइमच्या बागेंत 1764 नंतर कॅपॅबिलिटी ब्राउन ह्यानें ओढा अडवून तळें केलें, तें डोळ्यांच्या सुखासाठीं. गोंदियाकडे पाणी अडविलें तें धानासाठीं. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांव बांध हा अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पटेल कोहळी ह्यांनीं बांधला, असें सांगतात. असे मालगुजारी तलाव व बोड्या गांवोगांवीं आहेत.

1951 नंतर तलाव सरकारचे झाले. पूर्वी पाळ बांधून घेणारा आणि गाळ काढविणारा मालगुजार गेला. त्याचें काम नेटानें पुढें चालविणारा मात्र सर्वत्र मिळाला नाहीं. अनेक तलाव उथळ झाले. गढी ढासळली तर एका घराण्याची आठवण जाते. तलाव बुजला तर साऱ्या गांवाचें पीक जातें. कामठ्याची गढी पाहावयास जाणाऱ्यानें म्हणून वाटेवरच्या तलावाची पाळहि चढून पाहावी. तेथून खालचीं बांध्यांनीं आंखलेलीं शेतें दिसतात. जमीनदाऱ्या आल्या आणि गेल्या, त्या ह्याच शेतांच्या जिवावर.