विश्वास कीं हट्ट?

‘देवावर भार टाकला आहे’ असें म्हणणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारच्या माणसानें हातपाय हलविणेंच सोडलेलें असतें. दुसऱ्यानें आपल्या ऐपतीबाहेरचें काम अंगावर घेतलेलें असतें. पहिल्यास दैववादी म्हणून आपण मोकळे होतों. दुसऱ्याविषयीं निवाडा करणें मात्र कठीण जातें. त्याच्या ठिकाणीं असते ती ईश्वरनिष्ठा, कीं ईश्वराच्या नांवाखालीं झांकलेला स्वतःचा हट्ट? ख्रिस्ती जीवनाचा पायाच विश्वास. तेव्हां हा प्रश्न त्या जीवनाच्या अगदीं मुळाशीं जाऊन भिडतो. त्याचा विचार करण्याजोगें एक उदाहरण आमच्या कोल्हापुरांतच एकोणिसाव्या शतकांत घडून गेलें आहे.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांताचे. त्यांचा जन्म १८१६ सालचा. ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेनें त्यांस १८४६ मध्यें अहमदनगरास पाठविलें आणि १८५२ मध्यें ते कोल्हापुरास आले. त्या वेळीं गादीवर बाबासाहेब महाराज होते; परंतु कारभाराचीं सूत्रें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं होतीं. परक्या धर्माच्या उपदेशकास येथें सहज आदर मिळावा अशी परिस्थिति नव्हती. वायल्डरसाहेबांनीं शाळा काढून आपल्या कार्यास आरंभ केला.

परंतु दोनतीन वर्षांतच संकट आलें, आणि तें गांवकऱ्यांकडून नव्हे तर स्वकीयांकडून. १८५४-५५ मध्यें बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानांतील कामाची पाहणी करण्यास आले. मिशनऱ्यानें शाळांच्या, विशेषतः इंग्रजी शाळांच्या व्यापांत गुंतूं नये. देशभाषेंत उपदेश करावा आणि देशी पाळकांच्या हाताखालीं स्वावलंबी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या कराव्या, असें त्यांचें मत होतें. हें मत क्षुद्र नव्हतें. परकीयाच्या पैशावर आणि देखरेखीवर धर्म फार काळ जगत नाहीं, देवानें पेरलेलें बीज देवच वाढवील, असा त्यामागें अँडरसन यांचाहि विश्वासच होता. वायल्डर यांस तें पटलें नाहीं. १८५७ मध्यें ते स्वदेशीं परतले आणि बोर्डानें कोल्हापूरचें ठाणें सोडून दिलें.

एकाच देवाची प्रार्थना करणारीं, एकाच ग्रंथास प्रमाण मानणारीं हीं दोन प्रामाणिक माणसें परस्परविरुद्ध निर्णयांस पोंचलीं. ‘मला देवाची प्रेरणा झाली,’ एवढ्या शब्दांवर इतिहास कोणासहि खरा ठरवूं शकत नाहीं, हें येथें उघड होतें.

१८६१ मध्यें वायल्डर कोल्हापुरास परत आले. या वेळीं पाठीशीं संस्था नव्हती, कीं ठरलेलें वेतन नव्हतें. त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. त्या युद्धामुळें मुंबई इलाख्यांत कापसाचे भाव भडकले आणि त्यापाठोपाठ महर्गताहि आली. मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या साहाय्यावर संसार व शाळा चालवावयाच्या, अशा त्या दिवसांत, १८६३ मध्यें, त्यांचा मुलगा रॉबर्ट येथें कोल्हापुरांत जन्मला. कर्त्या पुरुषाच्या विश्वासाचें मोल पुष्कळदां घरांतल्या बाईस द्यावें लागतें. चरित्रकार या एलायझाबाईंस दोन ओळींत आटोपतात. पण लहान मुलें पदरीं घेऊन त्या अनिश्चितपणांत दिवस काढणें हें पतीच्या निश्चयाहून हलक्या प्रतीचें नव्हतें.

मग हा विश्वास कीं हट्ट? वायल्डर वादपटु होते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १८६१ मध्येंच मिशनच्या शाळांविषयीं ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनीं बोर्डाच्या धोरणावर उघड टीका केली. ख्रिस्तचरित्रांत एक प्रसंग आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलील, असें सैतान सुचवितो आणि येशू तें नाकारतो. देवावर भरंवसा ठेवणें वेगळें आणि देवाची परीक्षा पाहणें वेगळें. वायल्डर यांनीं उडी मारली ती कोणत्या जातीची, हें १८६१ सालावरून ठरत नाहीं. तें ठरतें १८७० सालावरून. त्या वर्षीं, नऊ वर्षें एकट्यानें सांभाळलेलें हें काम, त्यांनीं प्रेसबिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केलें. हट्टी मनुष्य हें करीत नाहीं. तो ज्याच्यासाठीं झगडतो त्याच्यावर आपल्या मालकीची मोहोर असावी असें त्यास वाटतें. वायल्डर यांस काम चालावयास हवें होतें. तें आपल्या नांवानें चालावें, असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं. १८७५ मध्यें त्यांनीं कोल्हापूर सोडलें आणि १८८७ मध्यें ते निवर्तले.

पुढील हकीकत उज्ज्वल आहे. १८८६ मध्यें अमेरिकेंत शंभर विद्यार्थ्यांनीं परदेशीं धर्मसेवेस जाण्याचा संकल्प केला. त्या चळवळीचा एक प्रवर्तक कोल्हापुरांत जन्मलेला रॉबर्ट हाच होता. वायल्डर यांनीं सोपविलेल्या याच मिशनमधून डॉ. वॉनलेस १८८९ मध्यें आले आणि १८९४ मध्यें मिरजेचें रुग्णालय उभें राहिलें. परंतु यशास विश्वासाचा पुरावा समजणें ही मोठी चूक होय. आपले कवि नारायण वामन टिळक यांनीं १९१७ मध्यें मिशनचें वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; दोन वर्षांच्या आंत, १९१९ मध्यें, ते वारले आणि दरबार त्यांच्यामागें फार टिकला नाहीं. म्हणून टिळकांची निष्ठा उणी म्हणावयाची काय? आणि १८७० मध्यें वायल्डर यांचें काम घेण्यास कोणीच पुढें आलें नसतें, तर त्यांचीं नऊ वर्षें खोटीं ठरलीं असतीं काय?

फळावरचा हक्क सोडावा, ही शिकवण आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. ख्रिस्ती मनुष्य तो हक्क एका पित्याच्या हातीं सोडतो, एवढा त्यांत विशेष. हातचें काम शेवटपर्यंत करावें आणि वेळ येतांच तें दुसऱ्याच्या हातीं देण्यास कचरूं नये, हीच त्या विश्वासाची बाहेरून दिसणारी खूण. कोल्हापुरांत वायल्डर यांच्या नांवाचें प्रार्थनामंदिर आज उभें आहे. तें पाहतांना त्यांनीं येथें काय मिळविलें यापेक्षां काय सोडून दिलें, याचीच आठवण आम्हांस अधिक होते.